सहाला दाराबाहेर

मित्रांनो, मी एक जुनी निळी बॅग आहे. माझ्या डाव्या कुशीवर एक पांढरी चिठ्ठी चिकटलेली आहे आणि तिच्यावर पेनाने चारचा आकडा काढलेला आहे. चार म्हणजे चार युरो. एका परक्या देशात, मला न विचारता, एका बाईने ठरवलेली ही माझी किंमत. तो दिवस आठवला की आजही माझी चेन थरथरते. पण ही चिठ्ठी सोलून काढायला घरात कोणी तयार नाही, आणि खरं सांगायचं तर आता मीही नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. शिलाई यंत्रांची घरघर आणि शेजारी माझ्याच मापाच्या तीनशे बहिणी, एवढंच. जहाजातून आम्ही जेबेल अली बंदरात उतरलो आणि मी शारजाच्या रोला भागातल्या एका दुकानात येऊन उभी राहिले. दोन हजार अकरा साल होतं. एका शुक्रवारी विजयकुमार आणि सुचित्राताई दुकानात आले. विजयकुमार एका कंपनीत ॲडमिन ऑफिसर, त्यामुळे तपासल्याशिवाय ते सुईसुद्धा घेत नाहीत. त्यांनी मला उचललं, आपटलं, माझ्यावर बसून पाहिलं आणि दुकानात तीन फेऱ्या ओढत नेलं.

"वन एटी दिऱ्हॅम," ते म्हणाले. "म्हणजे आपले सव्वादोन हजार. पुण्यात एवढ्यात दोन येतील."

"मग पुण्यात घ्या, आणि तिथपर्यंत सामान डोक्यावर न्या," सुचित्राताई म्हणाल्या. त्या इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करतात. दिवसभर रक्ताच्या नळ्या तपासून त्यांना थोडक्यात आणि नेमकं बोलायची सवय लागली आहे.

अशी मी अल नहदामधल्या एका उंच इमारतीत, चौदाव्या मजल्यावर राहायला आले. त्यांची मुलगी शुभ्रा तेव्हा पाळण्यात होती. दर जुलैत आम्ही पुण्याला जायचो. निघायच्या आदल्या दिवशी विजयकुमार मला कवेत घेऊन वजनकाट्यावर उभे राहायचे आणि आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचे. जाताना माझ्या पोटात खजूर आणि दुधाच्या पावडरचे डबे, येताना गोडा मसाला, भाजणी, मेतकूट. एकदा लोणच्याची बरणी फुटली, तेव्हापासून माझ्या अस्तराला कैरीचा वास आहे. पण मी कधी तक्रार केली नाही.

माझी खरी शाळा मात्र ग्रुप टूर. सहल कंपनीची बाकीची मंडळी मुंबईहून यायची, आम्ही दुबईहून विमान पकडून त्यांना वाटेत सामील व्हायचो. पहिल्याच दिवशी माझ्या मुठीला पिवळा टॅग बांधला जायचा. त्यावर नंबर. मग एकच मंत्र, सहा-सात-आठ. सहाला बॅग दाराबाहेर, सातला नाश्ता, आठला बस. सहा वाजता मी हॉटेलच्या दाराबाहेर उभी राहायची आणि पाचच मिनिटांत कोणीतरी येऊन मला घेऊन जायचं. संध्याकाळी पुढच्या गावातल्या खोलीत मी आधीच हजर. कोण येतं, कुठून येतं, याची चौकशी मी कधी केली नाही. टॅग असला आणि वेळ पाळली की कोणीतरी येतंच, हे माझ्या मनात पक्कं बसलं. टूर लीडर सुजीत तर एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बॅग असावी तर विजयकुमारांसारखी. एकदम टाइमवर." ते कौतुक मी कितीतरी वर्षं मिरवत होते.

दोन हजार सतरा साली अशीच युरोपची टूर होती. जर्मनीहून ॲमस्टरडॅमला जाताना मोठा रस्ता बंद निघाला आणि बस हॉलंडच्या उत्तर टोकाकडे वळली. वाटेत एका खेड्यात टॉयलेटसाठी थांबलो. खेड्याचं नाव आल्देरुम. पंचवीस-तीस घरं, एक बुटकं चर्च आणि चर्चच्या मागे हिरव्या गवताचा एक उंच बांध, जिकडे पाहावं तिकडे लांबच लांब गेलेला. कोणाचं तरी औषध काढायचं म्हणून बसच्या पोटाचं दार उघडलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं.

"ह्याच्या पलीकडे काय आहे?" सुचित्राताईंनी विचारलं.

"समुद्र असेल, मॅडम. पण तो आपल्या प्रोग्रॅममध्ये नाही," सुजीत म्हणाला. "टेन मिनिट्स फक्त."

सुचित्राताई बांधाकडे चालायला लागल्या. बांध जवळ दिसत होता, पण जवळ नव्हता. त्या अर्ध्या चढावर पोहोचल्या आणि सुजीतने शिट्टी वाजवली. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. पुन्हा शिट्टी. त्या वळल्या आणि धावत खाली आल्या.

बसमध्ये चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. ग्रुपचा नियमच होता, उशीर करील त्याने माइकवर गाणं म्हणायचं. सुचित्राताईंना धाप लागली होती. त्यांनी आईकडून शिकलेल्या एका गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या आणि त्या जागेवर जाऊन बसल्या. विजयकुमारही सगळ्यांबरोबर हसले. मित्रांनो, मला लाज वाटते, पण तेव्हा मी सुजीतच्या बाजूने होते. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं, असं माझं म्हणणं होतं.

त्यानंतर सुचित्राताईंनी माइकवर सोडाच, घरातही गाणं म्हटलं नाही. स्वयंपाक करताना त्या गुणगुणायच्या, तेही बंद झालं. पण सहा-आठ महिन्यांनी कधीतरी, भाजी चिरता चिरता त्या अचानक विचारायच्या, "काय असेल हो त्या बांधापलीकडे?" विजयकुमार म्हणायचे, "समुद्र, अजून काय." आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मग कोविड आला आणि दोन-तीन वर्षं कोणीच कुठे गेलं नाही. त्यानंतरही मी कपाटावरच उताणी पडून होते. माझ्यावर दिवाळीचे कंदील, कंदिलांवर जुने पडदे, पडद्यांवर वाळवंटातून येणारी बारीक धूळ. उपेक्षा काय असते ते मला तिथे कळलं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मला खाली उतरवलं. पुन्हा टूर, असं मला वाटलं आणि माझा जीव हरखला. पण दिवाणखान्यात वेगळंच चाललं होतं.

"ह्या वेळी मी बुकिंग केलंय," सुचित्राताई म्हणाल्या. "ग्रुप नाही. आपण तिघंच. हॉलंडची खेडी. आधी आल्देरुम."

विजयकुमारांनी चहाचा कप खाली ठेवला. "अगं, आपण काय कॉलेजची पोरं आहोत का? कुठे अडकलो तर कॉल कोणाला करायचा?"

शेजारचे ॲल्फ्रेड तिथेच बसले होते. ते मूळचे वसईचे, दुबईतल्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या सामानाचं खातं त्यांच्या हाताखाली. "वहिनी, गाइड नाय, बस नाय, इंडियन डिनर नाय?" ते म्हणाले. मग माझ्या पाठीवर टिचकी मारून पुढे बोलले, "बावीस वर्षं बॅगा उचलतोय मी. दाराबाहेर टॅगवाली बॅग दिसली तर आमी उचलतो. टॅग नसेल तर हात नाय लावत. विदाउट टॅग बॅग म्हणजे कोणाचीच नाय."

सुचित्राताई उठल्या, कात्री आणली आणि माझ्या मुठीवरचा आठ वर्षांचा पिवळा टॅग कापून टाकला. "ही माझी आहे," त्या म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत एवढं उघडं मला कधी वाटलं नव्हतं.

विजयकुमारांनी थंड झालेला चहा संपवला. शेवटी म्हणाले, "ओके. पण एक कंडिशन. एक जरी गडबड झाली ना, मग खलास. पुढच्या वर्षीपासून परत ग्रुप, आणि तो बांध-बिंध पुन्हा काढायचा नाही. कायमचं."

"मंजूर," सुचित्राताई म्हणाल्या. पण त्यांचा हात माझ्या मुठीवर घट्ट आवळला गेला होता, तो मला जाणवला. एवढं त्यांनी पणाला लावलं होतं.

मंजूर म्हणताच विजयकुमारांनी लॅपटॉप उघडून एक्सेलची शीट बनवली. दिवस, वेळ, ठिकाण, सगळं रकान्यांत. आल्देरुमला एकच मुक्काम. 'दुसरा दिवस, नऊ ते दहा, बांध. अकराची बस.' मला जरा धीर आला. निदान शीट तरी आहे, म्हटलं.

मित्रांनो, त्यानंतरचे दोन दिवस मी नुसती धक्के खात होते. विमानतळावर पाटी घेऊन कोणीही उभं नव्हतं. सुचित्राताईंनी मला स्वतः ओढत आगगाडीत चढवलं. दोन-अडीच तासांनी लेवार्डन नावाच्या शहरात उतरलो आणि पुढे आठ माणसांची एक चिमुकली बस आली. ती चालवत होते एक पांढऱ्या केसांचे आजोबा. विजयकुमारांनी त्यांना विचारलं, तुमचं ऑफिस कुठे आहे, तक्रार करायची तर कोणाकडे? आजोबा म्हणाले, ऑफिस नाही, पगारही नाही. ते शाळेचे निवृत्त हेडमास्तर, फक्त मंगळवारी गावासाठी बस चालवतात. विजयकुमारांनी आ वासला तो आल्देरुम येईपर्यंत मिटला नाही.

जिच्या घरी उतरायचं होतं ती यानेके आजी घरी नव्हतीच. दारावर चिठ्ठी होती. शुभ्राने फोनवर तिचं भाषांतर करून वाचलं, "शी इज ॲट क्वायर प्रॅक्टिस. द डोअर इज ओपन, कॉफी इज ऑन द स्टोव्ह."

"दार ओपन?" विजयकुमार म्हणाले. "घरात कोणी नाही आणि दार ओपन? हे लोक वेडे आहेत का?"

"चिल, बाबा."

शेजारच्या घरांना तर पडदेच नव्हते. माणसं खिडकीत जेवायला बसली होती आणि आम्ही दगडी विटांच्या गल्लीतून जाताना काटे-चमचे वर करून हात हलवत होती. त्या विटांवर माझं एक चाक कुरकुरायला लागलं. हॉटेलांच्या गालिच्यांवर वाढलेली मी, मला हे कुठून सोसणार?

संध्याकाळचे सात वाजले होते तरी लख्ख ऊन होतं. चर्चमागे तो बांध दिसत होता, तसाच हिरवा. सुचित्राताई खिडकीशी उभ्या राहिल्या. "अजून एवढा उजेड आहे. आत्ताच जाऊन येऊ का?"

"उद्या," विजयकुमार म्हणाले. "शीटमध्ये उद्या आहे."

आठ वर्षं थांबलेली बाई आणखी एक रात्र थांबली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. सकाळी साडेपाचला विजयकुमारांना आपोआप जाग आली. त्यांनी दाढी केली, सगळ्यांचे कपडे माझ्यात भरले, कुकर आणि शिध्याच्या पिशव्या नीट बसवल्या, चेन लावली. आणि बरोबर सहा वाजता मला ओढत दाराबाहेर आणलं.

बाहेर फाटकापाशी आधीच सामान लावून ठेवलेलं होतं. वेताची एक खुर्ची, एक उंच दिवा, दोरीने बांधलेली दोन खोकी. आणि मित्रांनो, प्रत्येक वस्तूला कागदाचा टॅग होता. त्यावर नंबरही होता.

विजयकुमारांचा चेहरा खुलला. "बघ," ते स्वतःशीच म्हणाले, "इथेही सिस्टम आहेच." त्यांनी मला खुर्चीशेजारी नीट उभं केलं, माझी मूठ खाली दाबली आणि शीळ घालत आत गेले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अखेर या बेशिस्त देशात कोणाला तरी सहा-सात-आठ माहीत होतं. मी ताठ उभी राहिले आणि वाट पाहू लागले.

घरातली मंडळी मागच्या बागेत यानेके आजींबरोबर नाश्ता करत होती तेव्हा एक पांढरी गाडी आली. दोन उंच माणसं उतरली. त्यांनी खुर्ची उचलली, दिवा उचलला, खोकी उचलली. मग एकाने मला उचलून पाहिलं, वजनाने त्याच्या भुवया वर गेल्या, दुसरा हसला आणि मी गाडीत. गाडीत एकही दुसरी बॅग नव्हती. जुने गालिचे होते, पाय मोडलेलं टेबल होतं आणि डोळे नसलेली एक बाहुली होती. तेव्हा कुठे माझ्या चाकांखालची जमीन सरकली. ही हॉटेलकडे जाणारी गाडी नव्हती.

गाडी पाच किलोमीटरवरच्या मोठ्या गावात एका शेडपाशी थांबली. लोकांनी नकोशा म्हणून दान केलेल्या वस्तूंचं ते दुकान होतं. कपबशा, शिवणयंत्रं, लग्नाचे झगे, सगळं ओळीने मांडलेलं. मला एका टेबलावर आडवं टाकलं आणि चष्मा लावलेली लॉरा नावाची बाई आली. तिने माझी चेन सर्रकन उघडली.

माझ्या पोटाला आजवर घरच्यांशिवाय कोणी हात लावला नव्हता. तिने भाजणीची पिशवी हुंगली, मेतकूट हुंगलं आणि तिला तीन शिंका आल्या. कुकर भांड्यांच्या फळीवर गेला. सुचित्राताईंची मोरपंखी ओढणी हँगरवर लटकली. विजयकुमारांचे बनियन तिने दोन बोटांत धरून पाहिले आणि चिंध्यांच्या टोपलीत टाकले. मग रिकामी झालेली मी. तिने मला उलटंसुलटं केलं, कुरकुरणारं चाक फिरवून नाक मुरडलं आणि माझ्या कुशीवर ही चिठ्ठी चिकटवली. चार.

मला टॅग हवा होता ना? हा घ्या टॅग. नको असलेल्या वस्तूंच्या रांगेत, डोळे नसलेल्या बाहुलीशेजारी मी उभी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की दाराबाहेर उभं राहिलं की कोणीतरी येतं हे खरं, पण ते आपलंच असतं असं नाही.

तिकडे काय झालं ते आमच्या घरी आता शंभरदा सांगून झालं आहे, म्हणून मला तोंडपाठ आहे. सुचित्राताई कपडे बदलायला खोलीत आल्या, तर बॅग नाही. त्या तशाच बागेत परत गेल्या.

"अहो, बॅग कुठे आहे?"

"घेऊन गेले असतील ना बसमध्ये," विजयकुमार पावाला लोणी लावत म्हणाले.

"कोण घेऊन गेले? कुठल्या बसमध्ये?"

विजयकुमारांचा हात थांबला. शुभ्रा फोनमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, देअर इज नो बस. देअर इज नो ग्रुप."

मग यानेके आजींच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. दानाची गाडी आज येणार म्हणून त्यांनीच काल रात्री फाटकापाशी सामान ठेवलं होतं. त्यांनी दुकानात फोन केला, पण दहापर्यंत तिथे कोणी फोन उचलत नाही.

विजयकुमारांचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. "म्हणूनच मी सांगत होतो," ते म्हणाले. "कंडिशन काय होती? एक गडबड. झाली गडबड. खलास. आता अकराची बस गाठायची का बॅग शोधायची का तुझा बांध बघायचा?"

सुचित्राताईंनी बांधाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. "बॅग दाराबाहेर कोणी ठेवली?"

विजयकुमारांनी लोण्याची सुरी खाली ठेवली.

"आजी," सुचित्राताई इंग्रजीत म्हणाल्या, "मला तुमची सायकल द्या."

पुण्याला कॉलेजात असताना त्या रोज सायकलने जात. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. यानेके आजींची सायकल उंच आणि जड, तिला हाताचा ब्रेकच नाही, पॅडल उलटं मारून थांबवायची. सुचित्राताई पहिल्या वळणावर शेजाऱ्यांच्या कुंपणात गेल्या, उठल्या, ओढणी नव्हतीच ती सावरायला हात नेला, आणि पुन्हा बसल्या. बांधाच्या पायथ्याने पाच किलोमीटर रस्ता. समोरून वारा. मागून शुभ्रा, आणि तिच्याही मागून, कोणाच्या तरी छोट्या सायकलवर गुडघे हनुवटीला लावत विजयकुमार. त्या पाच किलोमीटरमध्ये सुचित्राताईंनी बांधाकडे मान वळवून पाहिलं नाही. नंतर त्या म्हणाल्या, पाहिलं असतं तर रडू फुटलं असतं.

दुकानाच्या दारात त्यांना प्रथम स्वतःची ओढणी दिसली. मग मी दिसले. त्या माझ्यापाशी आल्या आणि माझ्या मुठीवर हात ठेवला. हात घामाने ओला होता. लॉरा काय ते समजून लालबुंद झाली आणि सॉरी सॉरी म्हणत बनियन गोळा करू लागली.

तेवढ्यात विजयकुमार आत आले. केस उभे, शर्ट बाहेर. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती, ती सगळी बघायला लागली. मला वाटलं, आता हे तक्रार करणार, मॅनेजरला बोलवा म्हणणार. विमानतळापासून हॉटेलापर्यंत मी त्यांना तेच करताना पाहिलं होतं.

"माय मिस्टेक," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आय केप्ट इट आउटसाइड. विदाउट लुकिंग. माय वाइफ डिड नथिंग राँग." मग मराठीत, सुचित्राताईंकडे बघून, हळूच, "गडबड मी केली. ती त्या कंडिशनमध्ये धरायची नाही."

मित्रांनो, चौदा वर्षांत मला अनेक धक्के बसले, पण हा सर्वांत मोठा.

लॉराने सगळं सामान परत माझ्यात भरलं आणि पैसे घेतले नाहीत. चिठ्ठी काढायला गेली तर विजयकुमारांनी तिचा हात थांबवला. "लेट इट बी," ते म्हणाले.

परत येताना मला सायकलच्या मागे बांधलं आणि विजयकुमार ती ढकलत चालत निघाले. अकराची बस कधीच निघून गेली होती. आल्देरुमचं बुटकं चर्च आलं, तिथे सुचित्राताई थांबल्या. याच जागी बस थांबली होती. हाच चढ होता.

"जा ना," विजयकुमार म्हणाले.

"आणि बॅग?"

"बॅगेला मी आता सोडत नाही. जा, आम्ही येतोच."

चढावर चरणाऱ्या मेंढ्या बाजूला सरकल्या. सुचित्राताई पुढे, त्यांच्या मागे शुभ्रा, आणि मला गवतावरून फरफटत विजयकुमार. माझं कुरकुरणारं चाक त्या चढावर मोडलं, पण मी आवाज केला नाही. सुचित्राताई अर्ध्या चढावर आल्या तेव्हा क्षणभर थबकल्या, जणू कान देत होत्या. शिट्टी वाजली नाही. मग त्या माथ्यावर पोहोचल्या.

पलीकडे समुद्र नव्हता.

चिखल होता. करडा, चकचकीत, क्षितिजापर्यंत पसरलेला चिखल. त्यावर दोन-चार पक्षी चोची खुपसत फिरत होते.

"इट्स जस्ट मड," शुभ्रा म्हणाली.

"भरवशाच्या म्हशीला टोणगा," विजयकुमार म्हणाले आणि म्हटल्यावर जीभ चावली.

आठ वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला ते हे. सुचित्राताईंनी तोंड फिरवलं. त्या वेळी मला वाटलं, सुजीत बरोबर होता. दहा मिनिटं सुद्धा जास्तच होती.

शुभ्राने फोनवर बोटं चालवली. "वेट, आई. इट्स लो टाइड. पाणी गेलंय फक्त. इट विल कम बॅक. फोर, फोर थर्टीला वगैरे."

विजयकुमारांनी घड्याळ पाहिलं. साडेबारा. त्यांनी खिशातून ती एक्सेलची शीट काढली, तिच्याकडे पाहिलं, ती गवतावर पसरली आणि तिच्यावर बसले.

"मग थांबू," ते म्हणाले.

"आणि बस?" सुचित्राताईंनी विचारलं.

"कुठली बस? देअर इज नो बस." त्यांनी माझी चेन उघडली. "दशम्या आहेत का यात? का त्या पण दुकानात विकल्या गेल्या?"

दशम्या होत्या. शेंगदाण्याची चटणीही होती. चटणीत लॉराच्या शिंकांचा अंश असेल तर असो. तिघं खात बसले, मग शुभ्रा माझ्यावर डोकं ठेवून झोपली. तीन वाजले. साडेतीन वाजले. आणि मग दूरवर चिखलात एक बारीक चांदीची रेघ चमकली. मग दुसरी. आवाज न करता, कोणालाही घाई न करता, पाणी खाचाखाचांतून आत येऊ लागलं. पाच वाजता समुद्र बांधाच्या पायथ्याशी होता, पूर्ण, निळा, जिथवर नजर जाईल तिथवर.

आम्ही तेव्हा दहा मिनिटांत वर पोहोचलोही असतो, तरी कदाचित नुसता चिखलच बघून परत गेलो असतो.

सुचित्राताई उभ्या होत्या. त्या गाऊ लागल्या. कोणी माइक दिला नव्हता, कोणी शिक्षा केली नव्हती. बसमध्ये दोन ओळींवर तुटलेलं ते गाणं त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. विजयकुमारांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते खाली मान घालून माझं मोडकं चाक हातात फिरवत बसले होते.

शारजाला परतल्यावर ॲल्फ्रेड म्हणाले, "फेक आता ही. नवीन चार चाकांची घे." विजयकुमार मला रोला भागातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. नवं चाक बसलं. दुरुस्तीवाला कुशीवरची चिठ्ठी खरवडायला लागला, तर ते म्हणाले, "भाईसाब, वो रहने दो."

परवा ईदच्या सुट्टीत आम्ही अल ऐनला गेलो होतो, असेच, आपले आपण. सकाळी सहाला मी नेहमीप्रमाणे खोलीच्या दाराबाहेर आले. पण विजयकुमार आत गेले नाहीत. माझ्या मुठीवर हात ठेवून ते शेजारीच उभे राहिले आणि खजुराच्या बागांवर उजाडताना बघत राहिले.

"कोणाची वाट बघताय?" आतून सुचित्राताईंनी विचारलं.

"कोणाचीच नाही. तुझं आवरलं की निघू."

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटावर माझ्यासारखी कोणी असेल. तिला अधूनमधून खाली काढा, पुसा, चाकात तेलाचा थेंब सोडा. प्रवासाला नेलंत तर तिला तुम्हीच ओढा. ती जड लागली तर एखादा कपडा कमी घ्या. आणि कधी दाराबाहेर ठेवायची वेळ आलीच, तर मुठीवरचा हात काढू नका.